समोरच्या आजोबांचा आवाज

मुलांनो, परवा व्हिडिओवर समोरच्या आजोबांच्या गळ्यातली वायर पाहून तुम्ही हसलात, म्हणून हे लिहिते आहे.

खूप वर्षांपूर्वी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत नुकतीच केबल आली होती. तेव्हा आजोबांना कमी ऐकू येऊ लागलं आणि त्यांच्या टीव्हीचा आवाज वाढला. डोकं दुखतं म्हणून त्यांच्या घरच्या आजी स्वयंपाकघरात जाऊन बसत.

मी एकदा आजोबांना म्हटलं, "अहो, तुमच्या बातम्या सगळ्या इमारतीला ऐकू येतात."

"मग केबलची वर्गणीही सगळ्यांनी द्या."

त्यांच्या मुलाने हेडफोन आणून दिला. पण तो लावला की टीव्ही मुका होई, त्यामुळे आजी स्वयंपाकघरातच राहिल्या. हे ध्यानात येताच आजोबा दोन हेडफोन लागतील अशी पिन आणि दुसरा हेडफोन घेऊन आले. दोन्हींच्या वायरवर आवाजाची चकती होती.

"अगं, ये बाहेर. तुझा आवाज तुझ्या हातात, माझा माझ्या."

आजी मालिका बघायला येऊन बसल्या. त्या काही बोलू लागल्या की आजोबा आधी स्वतःची चकती शून्यावर नेत, एक कान मोकळा करत आणि विचारत, "काय म्हणालीस?"

त्यांच्या मालिका अजून संपलेल्या नाहीत, आणि दोघं अजून एकाच सोफ्यावर बसतात.