दुसऱ्या फेरीतली मतं

"मावशी, झाडून झालं असन तर खाली उतरा. ही खुर्ची उमेदवाराची आहे."

भरल्या हॉलमध्ये, माईकवर, मोठे बाबू असं बोलले.

सीताबर्डीला आमच्या कर्मचारी संघटनेच्या विभागीय अध्यक्षाची निवडणूक होती. उभे होतो तिघं. मोठे बाबू म्हणजे आमच्या दवाखान्यातले हेडक्लार्क. दुसरे औषध विभागातले फार्मासिस्ट. तिसरी मी, सफाई कामगार. ड्युटीवरून सरळ येऊन स्टेजवरच्या खुर्चीत बसली होती, गणवेश अंगावरच होता. माझा अर्ज बाबूंच्याच टेबलावरून गेला होता. मी कोण आहो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

लोक हसले. आणि मी उठली.

हे सांगायले मले आजही लाज वाटते. त्यांनी उठवलं म्हणून नाही. मी उठली म्हणून.

बाहेर आल्यावर शांतानं धरलं. ती माझ्याच वॉर्डातली. म्हणे, "काहून उठली वं तू? आमी तुलेच मत देऊन राहिलो ना?"

काय सांगू तिले? इतकी वर्षं कोणी मावशी म्हणून हाक मारली की अंग आपोआप उठायचं. बेडपॅन द्यायले. उलटी पुसायले. त्या दिवशीही तसंच उठलं.

मी निवडणुकीत उभी राहिली होती एकाच गोष्टीसाठी. ठेक्यावरच्या सफाईवाल्या बायांना संघटनेत घ्या. त्याच वॉर्डात त्याच घाणीत हात घालतात, कचऱ्यातल्या सुया त्यांनाच टोचतात, पण संघटनेच्या यादीत त्यांचं नाव नाही.

मतदान झालं. अर्ध्याच्या वर मतं कोणालेच मिळाली नाहीत. नियम असा, की मग पहिल्या दोघांची पुन्हा लढत. बाबू पहिले, फार्मासिस्ट दुसरे, मी तिसरी. आता माझी मतं जिकडे जातील तो अध्यक्ष.

दुसऱ्याच दिवशी बाबू आमच्या वस्तीत आले. पहिल्यांदाच. मावशीची ताई झाली होती. पाठिंब्याचं पत्र टाइप करूनच आणलं होतं. त्यात माझं नाव चुकलेलं. मी वाचायले लागली तर त्यांनी खिशातून शाईचा पॅड काढला.

"वाचत काहून बसता ताई? अंगठा लावा फक्त."

मी बारावी पास आहो. अर्जावर माझी सही होती.

मी म्हटलं, "माईकवर उठवलं होतं मले. माईकवरच चुकलं म्हणा. मग बघू."

"एवढ्याशा गोष्टीचं काय धरून बसल्या?"

पॅडचं झाकण लावलं. त्यांच्या हातात दिला. दार उघडंच होतं.

फार्मासिस्ट आले नाहीत, फोन आला. ठेक्यावरच्या बायांना सभासद करून घेतो, शब्द देतो म्हणाले. मी विश्वास ठेवला. वॉर्डावॉर्डात फिरली, प्रत्येक पाळीच्या बायामाणसांना भेटली, फार्मासिस्टसाठी मतं मागितली. बाबू पडले. थोडक्यात पडले, पण पडले.

सत्काराच्या दिवशी नव्या अध्यक्षांच्या माणसानं माझ्या हातात हारांचं ताट दिलं आणि मागं उभं राहायले सांगितलं, फोटोत येऊन राहिली होती म्हणून. मी अध्यक्षांना बायांच्या अर्जांचं विचारलं. ते कॅमेऱ्याकडे बघत हसत होते. तसेच हसत म्हणाले, "आताच तर निवडून आलो. बघू नं, मावशी."

इथंही मावशी.

बाबूंचा राग आला होता, त्यापेक्षा जास्त राग मले माझा आला. एकानं उठवलं म्हणून मी दुसऱ्याले बसवलं होतं. माझ्या लोकांची मतं स्वतःच्या हातानं नेऊन दिली होती.

ताट टेबलावर ठेवलं. या वेळी कोणी उठवलं नव्हतं, मीच निघाली.

आता ड्युटी सुटली की मी आणि शांता ठेक्यावरच्या बायांचे सभासदत्वाचे अर्ज भरतो. संघटनेच्या ऑफिसात देतो, शिक्क्याची पोच घेतो. अर्ज परत आला की पुन्हा भरतो. अध्यक्ष आता मले पाहून रस्ता बदलतात.

पुढच्या निवडणुकीत मी उभी राहीन. माझी मतं कोणाच्या घरी जाणार नाहीत. आणि मले दुसरी फेरी नको.