चाळीस कलमांच्या पट्ट्या

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आई तर गेलीच, तिला सांगायचं राहूनच गेलं. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

आधी माझा स्वभाव सांगते. मी संशयी आहे. भाजीवालीनं काटा उचलला की माझी नजर आधी तिच्या अंगठ्यावर जाते. नांदेडला माझी रोपवाटिका आहे. तिथं शिकायला येणाऱ्यांच्या हातांवरही माझं सारखं लक्ष असतं. लोक म्हणतात, बाईंची नजर फार बारीक. नजर कसली हो — चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

वीसेक वर्षांपूर्वी मी लातूरकडच्या एका कॉलेजात उद्यानविद्या शिकत होते. मी बिलोलीची, माझ्या खोलीतली शिवकांता चाकूरची. घरून डबा आला की आम्ही एकाच ताटात जेवायचो. शेवटच्या वर्षी दोघींना सीताफळाची चाळीस-चाळीस कलमं बांधायला दिली. गावरान रोपाचा खुंट चिरायचा, त्यात चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. शेडनेटचा सगळा कारभार दगडूमामा या म्हाताऱ्या माळ्याकडे. जिची जास्त कलमं लागतील तिला मामांच्या हाताखाली वर्षभर पगारी काम मिळणार होतं. जागा एकच. ती दोघींनाही हवी होती — पण मला जास्त, असं मला वाटायचं. घरी माझ्या लग्नाचं बघायला लागले होते. ती जागा गेली असती तर माझं शिक्षण तिथंच चुलीत गेलं असतं.

दोन आठवड्यांत माझ्या रोपांवर हिरवे कोंब दिसायला लागले. मी हरखून गेले. आणि एका दुपारी शेडनेटमध्ये शिरते तर काय — शिवकांता माझ्या वाफ्याशी वाकलेली, आणि तिच्या मुठीत माझेच कोंब! मला बघून हसली. "जेवलीस का गं?" म्हणाली.

का हसली? हे काय करतेस म्हणून मी विचारलं का तिला? नाही. विचारलं तर ती सावध होईल — असं माझं डोकं. ती जेवायला गेली आणि मी तिच्या वाफ्यात बसले. एकेक पट्टी सोडली. काडी बोटानं जराशी हलवली. पट्टी परत गुंडाळली — सैल, पण दिसायला तशीच. चाळीसच्या चाळीस. वाईट वाटत होतं म्हणू का? नव्हतं. मला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडूमामांनी मला सगळ्यांसमोर झापलं. "सांध्याच्या खालून फुटत्यात ते गावरान खुंटाचे कोंब. ते खुडले न्हाईत तर वरची काडी उपाशी मरती. येवढं बी कळना व्हय? त्या पोरीनं काल खुडले म्हणून वाचलीस."

म्हणजे मी ज्या हिरव्या कोंबांवर खूश होते, तेच माझी कलमं मारत होते. आणि तिनं ती वाचवली होती.

मग? तेव्हाच मामांना सांगितलं असतं, पट्ट्या आवळल्या असत्या, तर तिची थोडी तरी कलमं वाचली असती. मी उभीच राहिले. मनात काय चाललं होतं सांगू? हिला माझा एवढा पुळका कशाला — मामांच्या नजरेत भरायला केलं असेल! चांगुलपणाचाही संशय घेता येतो, आणि भित्र्या माणसाला तो फार कामी येतो.

तिच्या काड्या काळ्या पडल्या. सगळ्या. माझ्या सव्वीस लागल्या. मामा हळहळून म्हणाले, "पोरी, तुझ्या हाताला गुण न्हाई." माळी लोक असं सहज बोलून जातात. शिवकांतानं ते खरं मानलं. तिनं परत कधी कलमाचा चाकू हातात धरला नाही. मला जागा मिळाली तेव्हा पेढे मात्र तिनंच आणले.

गेल्या महिन्यात तिनं मला चाकूरला बोलावलं. तिची मुलगी गौरी बारावी झाली, तिला उद्यानविद्येलाच जायचं होतं. मोबाईलवर बघून पोरीनं अंगणात सीताफळाचं एक कलमही बांधलं होतं.

"तूच समजाव हिला," शिवकांता म्हणाली. "माझी पोर हाय, माझाच हात आलाय तिला. उगं कशाला नादी लागून राहिली?"

मी वाकून बघितलं. सांधा नीट बसला होता, पट्टी घट्ट होती. "चांगलं बांधलंय," मी म्हणाले. तेवढंच खरं बोलले.

गौरीचा चेहरा उजळला. तिनं आईकडे पाहिलं.

"मावशीचं मन लई मोठं हाय," आई म्हणाली. "तुला वाईट वाटू नये म्हणून म्हणतीय."

आता तरी बोलायचं होतं ना? एका वाक्याचं काम होतं. मी चहा प्यायले. निघताना शिवकांतानं कुंकू लावलं, माझी ओटी भरली, आणि मी पदर पुढे करून ती घेतली.

गौरीनं परवा बी.ए.ला नाव घातलं. शिवकांतानंच फोन करून सांगितलं, खुशीत.