एका ठोशात उरकलेली लढत
मिरची भजी तळल्याचा वास आला की अजूनही माझं डोकं फिरतं. आमच्या सोलापुरातल्या एका बॉक्सिंग स्पर्धेत आधी धाकट्या भावाची लढत होती, सर्वांत हलक्या वजनाच्या गटात. दोन काटकुळी पोरं रिंगणभर भिरभिरत होती, ठोशांवर ठोसे पडत होते, शिट्ट्यांनी हॉलचे पत्रे दणाणत होते आणि आमचे वडील खुर्चीवर उभे राहून ओरडत होते, "मार की, मार!" भाऊ हरला, तरी लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. मग सर्वांत जड गटाची, म्हणजे माझी लढत पुकारली, आणि अर्धा हॉल उठून बाहेर भज्यांच्या गाड्यावर गेला. "जाडी माणसं नुसती मिठ्या मारत्यात," कुणीतरी जाता जाता म्हणालं. मी पहिल्याच ठोशात समोरच्याला आडवा केला. पंचांनी माझा हात वर धरला, तेव्हा वडील कागदात भजी घेऊन दारातून आत येत होते. "झाली व्हय? लगीच उरकली की!" आज भाऊ माझ्याहून जाड झालाय, तरी पाहुण्यांपुढं वडील त्याचीच लढत रंगवून सांगतात. कुणी माझ्या लढतीचं विचारलंच, तर म्हणतात, "त्या दिवशी भजी लई झकास हुती."