मार्फत विभागप्रमुख

वर्षाली गिऱ्हे आमच्या कॉलेजात नऊ वर्षं तासिकेवर शिकवत होती. तासिकेवर म्हणजे तास घेतला तर मॅडम, नाही घेतला तर कोणीच नाही. हिवरखेडच्या जानराव गिऱ्ह्यांची ही थोरली. बाप वांगी-कोबी पिकवून अकोटच्या बाजारात बसणारा आणि पोरगी अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. पीएच.डी. झाली की कायम करू, असं संस्थेने तिला तोंडी कबूल केलं होतं. तिची नोकरी, तिचं लांबलेलं लग्न, सगळं त्या एका प्रबंधावर अडून बसलं होतं.

मी शालिकराम. त्याच विभागात प्रयोगशाळा सहायक. आमच्या विभागप्रमुखांना, म्हणजे वर्षालीचे मार्गदर्शक असलेल्या मनोज सरांना, ई-मेल उघडायचाही कंटाळा, म्हणून त्यांचं टपाल मीच पाहतो. आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीत मी भला माणूस नाही.

तिचा विषय मला तिनेच समजावला होता. कम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. तो जगभरचे लोक मिळून लिहितात आणि त्यातल्या चुका दुरुस्त करून एकमेकांना ई-मेलने पाठवतात.

"शालिकभाऊ, लग्नात मंडप टाकतात ना जी?" ती म्हणाली. "लग्न लागलं की मंडपवाला बांबू घेऊन जाते. मशीन सुरू होते तवा बी काही कोड असाच एकदाच लागते. काम झालं की त्याची जागा दुसऱ्याले देऊन टाकतात. आता कोनी दुसऱ्या दिवशी त्याच बांबूले टेकाले गेलं तं?"

"पडन."

"तेच मी शोधून राहिली. कोन कोन टेकाले जाईन, ते."

आणि तेही मशीन न चालवता. तिने एक प्रोग्राम लिहिला होता. तो कर्नलच्या लाखो ओळी नुसत्या वाचायचा, कोडचा कोणता तुकडा कोणाला हाक मारतो ते जुळवायचा आणि संशयितांची यादी काढून द्यायचा. यादी निघाली अकराशेची. त्यातले बहुतेक संशय खोटे. कोणता खरा, हे ठरवायला तिने प्रत्येक जागा डोळ्यांनी तपासली. सात महिने लागले. ठेचा-पोळीचा डबा की-बोर्डाशेजारी उघडा असायचा आणि तो तसाच वाळून जायचा. शेवटी सदतीस चुका खऱ्या निघाल्या. मी समोर बसून पाहिलंय हे सगळं. कोर्टात शपथेवर सांगू शकलो असतो, इतकं पाहिलंय.

पहिली दुरुस्ती पाठवायची वेळ आली तेव्हा मीच नाक खुपसलं. आमच्या कॉलेजात रजेचा अर्जसुद्धा "मार्फत विभागप्रमुख" लिहिल्याशिवाय पुढे सरकत नाही. मी म्हणालो, "बाई, परस्पर नोका पाठवू. सरांच्या ई-मेलवरून जाऊ द्या. नाई तं सर नाराज होतात."

ती सरळ पोरगी. तिने दुरुस्तीखाली लिहिलं, वर्षाली गिऱ्हे, मार्फत विभागप्रमुख. तिकडच्या लोकांना हे "मार्फत" काही कळेना. त्यांचा उलट निरोप आला की ई-मेल एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, असं चालत नाही. या दुरुस्तीची जबाबदारी ज्याची, त्याचं एकच नाव द्या. मी निरोप सरांपुढे ठेवला.

"माह्यंच टाक ना," सर चहा ओतता ओतता म्हणाले. "विभागाची जबाबदारी कोनाची हाय?"

मी वर्षालीला येऊन सांगितलं. तिने स्क्रीनवर आपल्या नावाची ओळ उघडली. मग म्हणाली, "चालते. प्रबंध तं माह्याच नावानं हाय." तिने नाव बदललं. त्या पहिल्या दुरुस्तीमागोमाग बाकीच्या छत्तीसही तशाच गेल्या. एकदा कर्नलमध्ये गेलेलं नाव खोडता येत नाही, हे तिला माहीत होतं. त्यात वाईट काय होईल, एवढंच तिला दिसलं नाही.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी रोज जवळून पाहिला. सदतीस दुरुस्त्या स्वीकारल्या गेल्याची बातमी संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत पोचली. फाटकावर सरांचा फ्लेक्स लागला. सभागृहात शाल-श्रीफळ झालं, आणि शालीचं तबक घेऊन स्टेजवर कोणाला उभं केलं असेल? वर्षालीला. फोटोत तिचा हात आणि तबक तेवढं आलं आहे. ती मात्र त्या दिवशी आनंदात होती. सरांचं नाव झालं की आपलं काम सोपं होईल, असं तिला खरंच वाटत होतं.

उन्हाळ्यात तिची तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावचे परीक्षक तयारीने आले होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग आपला लॅपटॉप फिरवून तिच्यापुढे केला.

"या सदतीसही दुरुस्त्या तुमच्या मार्गदर्शकांच्या नावावर आहेत. प्रबंधात मात्र 'मी शोधल्या' असं लिहिलंय. हे कसं?"

तिने सरांकडे पाहिलं. सरांनी समोरची फाइल सरळ केली. "मुलगी मेहनती आहे," ते शुद्ध भाषेत म्हणाले. "तिने पुष्कळ मदत केली."

मदत! एका शब्दात सात महिने गेले.

"सर, मी एकेक जागा समजावून सांगते," वर्षाली परीक्षकांना म्हणाली.

"समजावणं वेगळं आणि शोधणं वेगळं. तुम्हाला हे करताना पाहणारं कोणी आहे?"

"शालिकभाऊ हायेत ना," ती घाईने म्हणाली. "त्यांच्यासमोरच केलं. इचारा त्यांना."

मी प्रोजेक्टरच्या वायरीपाशी उभा होतो. सर्वांच्या माना माझ्याकडे वळल्या. सर माझ्याकडे पाहत नव्हते, ते पंख्याकडे पाहत होते. माझी मुलगी रागिणी त्याच विभागात तिसऱ्या वर्षाला. तिच्या प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात.

"मले त्यातलं काई समजत नाई जी," मी म्हणालो.

वर्षालीने कागद गोळा केले. दुसऱ्याचं काम उचलल्याचा शेरा मारून प्रबंध फेटाळला गेला आणि असा शेरा असलेल्या बाईला संस्थेने पुढच्या वर्षी तासही दिले नाहीत. ती हिवरखेडला परत गेली. तिथे एका सेवा केंद्रात बसून लोकांचे सातबारे काढून देते. मला माझी लाज वाटते. पण लाज वाटून कोणाचं काय भलं झालंय?

गेल्या महिन्यात सरांना कर्नलच्या लोकांकडून ई-मेलने पत्र आलं. मशीनला बाहेरून जोडायच्या एका यंत्राच्या दुरुस्तीबद्दल कोणी शंका काढली होती. हा भाग सुरुवातीला एकदाच चालतो, मग इथे चूक होईलच कशी, आठवड्यात उत्तर द्या, नाहीतर दुरुस्ती काढून टाकतो. सरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं, आणि मला म्हणाले, "तिले फोन लाव."

मी लावला. सर शेजारी खुर्ची ओढून बसले. पलीकडे गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता.

"बोला शालिकभाऊ," ती म्हणाली, जणू काही झालंच नव्हतं.

मी पत्र वाचून दाखवलं. वाटलं, शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या. तिने एवढंच विचारलं,

"सर बाजूले हायेत का?"

"हायेत."

"बरं. लिहून घ्या. मशीन चालू असतानाच ते यंत्र काढून परत लावलं की शेजारच्या फाइलीतून तोच भाग पुन्हा बोलावला जाते. तवा त्याची जागा दुसऱ्याकडं गेलेली असते." तिने फाइलीचं नाव सांगितलं, ओळ सांगितली, सगळं पाठ. मग माझ्याकडून वाचून घेतलं आणि एक शब्द बदलायला लावला.

"वर्षाली," मी म्हणालो, "तू काहून सांगून राहिली?"

"नाई सांगितलं तं ते काढून टाकतीन. मंग मशिनी बंद पडतीन ना कोनाच्या तरी."

सरांनी मला कोपर मारलं, लवकर आटप म्हणून. मी विचारलं, "खाली नाव?"

"सरांचंच टाका," ती म्हणाली. "आता दुसरं टाकलं तं तिकडच्या लोकांना खोटं वाटन." आणि मग कोणाला तरी, "काका, तुमचा गट नंबर सांगा."

मी सरांचं नाव टाकलं आणि पत्र पाठवून दिलं. तीन दिवसांनी आभाराचं उत्तर आलं. त्याची प्रिंट काढून सरांनी मला नोटीस बोर्डवर लावायला दिली.