शेपटीचे लिंबू

विमानाला कोलांटी मारायला लावायची असेल, तर आधी त्याचा तोल पाहावा. पंखांखाली दोन बोटे धरून ते उचलावे. नाक किंचित झुकले, तर विमान आज्ञेत राहते. शेपटी झुकली, तर हाताच्या लहानशा हालचालीनेही ते उसळते. हे मी शाळेत फळ्यावर शिकवीत असे आणि सुट्टीच्या दिवशी चाकणच्या एका खळ्यावर पडताळून पाहत असे.

विमान माझ्या मित्राचे. तो पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होता. कसरतीच्या खऱ्या विमानाचे छायाचित्र समोर ठेवून त्याने वर्षभर खपून ही लहान प्रतिकृती केली होती. शेपटी खऱ्याच्या प्रमाणात, म्हणजे उडण्याच्या दृष्टीने जरा लहानच होती. मोठी कर म्हटले की तो म्हणे, "मास्तर, मग ते दुसरंच विमान होईल." एवढ्या शेपटीला विमान सावरेना, म्हणून नाक झुकते राहावे यासाठी आम्ही त्यात शिसे भरले. इंजिन परदेशाहून आलेले, एकुलते एक. ते फुटले असते, तर वर्षभराच्या कामाचे नुसते खेळणे उरले असते.

मळणी संपून खळे रिकामे झाले होते. आम्ही पायताणे बाहेर ठेवली. मळणीचे बैल ज्या खांबाभोवती फिरतात, त्या तिवड्याच्या जागी मित्र मूठ धरून उभा राहिला. मुठीपासून दोन पोलादी तारा विमानापर्यंत गेल्या होत्या. विमान त्याच्याभोवती घिरट्या घाली आणि मूठ कलेल तसे वर किंवा खाली वळे.

"मिस्तरी, तिवडा झालात की!" खळ्याचा मालक म्हणाला. "चक्कर येऊन पडू नका, न्हाईतर बैल उधळंल."

मग त्याने खिशातून लिंबू-मिरच्या काढल्या. नवे वाहन तसेच सोडत नाहीत. "पुढं पंखा हाय, मागं बांधतो," म्हणत त्याने काळ्या दोऱ्याने लिंबू शेपटीला बांधले.

वजन वाढेल म्हणून मित्राने रंगाचा दुसरा हातही दिला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिले. पण खळे मालकाचे होते.

"लिंबू लहान आहे," मी म्हणालो, आणि विमान हातातून सोडले.

ते सरळ वर गेले, उताणे झाले आणि खाली झेपावले. मित्राने कोलांटीची आज्ञा दिलीच नव्हती. मालकाने टाळ्या वाजवल्या. कोलांटीच्या तळाशी प्रत्येक वस्तूचा भार वाढतो; तेथे विमान जमिनीपासून हातभर उंचीवर असताना दोरा तुटला. लिंबू खळ्याबाहेरच्या धसकटांत पडले. विमान तत्काळ शहाण्यासारखे उडू लागले आणि इंधन संपताच अलगद उतरले.

"बगितलं गुरुजी? इमानाची दिष्ट घिऊन गेलं लिंबू."

लिंबू गेले आणि विमान वाचले, हे निरीक्षण आम्हा दोघांचेही होते. मी होकार दिला.

पुढच्या खेपेस लिंबू आम्हीच नेले. ते नाकाखाली बांधायचे आणि तेवढ्याच वजनाचे शिसे काढायचे, असे मी सुचवले. मालकाची हरकत नव्हती. मित्राने छायाचित्र पुन्हा निरखून पाहिले.

"यात लिंबू नाही," तो म्हणाला.

मग त्याने स्वतःच गाठ मारली. दुहेरी.