ड्रॉइंगमध्ये नसलेलं ठिगळ

या सदरात येणारे अनुभव मी नेमाने वाचतो आणि बहुतेकांना मनातल्या मनात खोटं ठरवतो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात म्हणतात की माझा विश्वास पानिपतात गेला. भाजीवालीचा तराजू, डॉक्टरचं निदान, सासऱ्यांचं अचानक वाढलेलं प्रेम... मला सगळ्याचाच संशय येतो. भूतखेत तर लांबच राहिलं. त्यामुळे ही गोष्ट मी आजवर बायकोशिवाय कोणाला सांगितली नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मी नागपूरजवळ कोराडीच्या वीज केंद्रात ड्राफ्ट्समन होतो. ड्रॉइंग ऑफिसात आमचं एक ठरलेलं होतं — ड्रॉइंगमध्ये नाही ते जगात नाही. फिटर कितीही शपथेवर सांगो, आधी कागद दाखव! ही सवय मी घरीही नेली, आणि बायकोने ती तीस वर्षं सोसली.

रविवारी आम्ही काही हौशी मंडळी कामठीच्या पुढे एका मुरमाड माळावर मोटरसायकलच्या शर्यती लावायचो. त्या उन्हाळ्यात आमच्यातला एक जण पडला. पडताना माणूस आधी हात टेकतो, तसा त्यानेही टेकला आणि मनगट गेलं. पुढे त्याला शर्टाची बटणंसुद्धा धड लावता येईनात. हे ऐकून वनिता, माझी बायको, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमचा हात गेला तं पेन्सिल कोण धरन? मी? चांगले हातमोजे घ्या, नाही तं गाडी इका."

मुद्दा खरा होता. माझं घर माझ्या उजव्या हातावर चालत होतं.

पण मोजे आणायचे कुठून? तेव्हा नागपुरात असलं काही मिळत नसे. थंडीत स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी बाईकडून घेतलेले लोकरीचे मोजे घालून पाहिले — ॲक्सिलरेटरवर हात सटकायचा. मग वेल्डरचे मोजे मागून आणले. कोपरापर्यंत लांब, मजबूत, पण इतके जाड की ब्रेकवर बोट आहे की नाही तेच कळेना. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मधू म्हणाला, "विकेटकीपरचे घाल ना गा, झेल तरी सुटणार नाही."

शेवटी मी मोज्यांचं ड्रॉइंगच काढलं. बोटांना बकऱ्याचं मऊ चामडं, शिवण बाहेरून म्हणजे आत टोचणार नाही, मनगटाच्या वर चार इंच कातडी बाही आणि तिला आवळायला पट्टा. कामठीला गुलाबराव म्हणून घोड्यांचं जीन आणि लगाम शिवणारे एक म्हातारे होते. त्यांना कागद दिला, हाताचं माप दिलं आणि दोनदा बजावलं की यात आपल्या मनाचं काही घालायचं नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मोजे आणायला गेलो. काम सुरेख होतं, फक्त उजव्या मोज्याच्या तळव्यावर, करंगळीच्या खाली मनगटाशी जी उशी असते तिथे, जाड चामड्याचं दुहेरी ठिगळ! वर मेण घासून आरशासारखं गुळगुळीत केलेलं. डाव्या मोज्याला काही नाही.

मला वाटलं, कापताना सुरी लागली असणार आणि म्हाताऱ्याने ते झाकलं. मी तसं तोंडावर म्हणालो.

गुलाबराव माझ्याकडे पाहतच राहिले. "आता घ्या! तुम्हीच तं सांगून गेले ना साहेब."

"मी? कधी?"

"परवाच्या दिवशी, दुपारच्याले. हे इथं उभे होते."

"मी परवा दिवसभर ऑफिसात होतो."

"बापा! मंग कोण होतं? उजवा हात तुमचा गळ्यात अडकवून होता. कोपरापर्यंत पांढरं, चुन्याच्या भिंतीवानी ठक्क. म्या इचारलं, हाताले काय झालं? तं तुम्ही काही बोल्ले नाही. डाव्या हातानं फक्त दाखोलं, इथं दोन पदर लाव अन् घासून गुळगुळीत कर. मले वाटलं हात दुखून राहिला असन, म्हणून बोलत नाही."

मी माझा उजवा हात त्यांच्या नाकासमोर धरला, पाचही बोटं हलवून दाखवली. हातच्या कांकणाला आरसा कशाला! म्हाताऱ्याने तो हात धरून उलटासुलटा केला, मनगट दाबून पाहिलं, आणि मग नवीनच बोलले — "इतक्या लवकर बरा झाला?"

मी चिडून घरी आलो. आधी संशय मधूवर, कारण तो माझी नक्कल करायचा. पण तो परवा माझ्याच शेजारी बसला होता. मग वनितावर. "तूच कोणाला तरी पाठवलंस ना वं?" विचारलं.

"मी काहून पाठवू? अन् तुमच्यासारखं थोबाड मी आणू कुठून?"

ठिगळ उसवायला घेतलं, पण त्याखालचं चामडं फाटायला लागलं. म्हणून ठेवलं. एरवी मी ते ठेवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शर्यतीत वळणावर माझं मागचं चाक घसरलं. मी उजवीकडे पडलो आणि अर्थातच आधी हात टेकला, नेमका त्याच उशीवर. पण हात मुरमात रुतला नाही. तो घसरत गेला, आणि त्याच्यामागून मी. उठलो तेव्हा ठिगळाचा वरचा पदर फाटून लोंबत होता. खालचा शाबूत होता.

वनिताने ऐकलं नाही, रामदासपेठेत डॉक्टरकडे नेलंच. एक्स-रे काढला, हाड शाबूत. डॉक्टरांनी मोजा बराच वेळ न्याहाळला. "हे कोणी सुचवलं? हात जागेवर अडकला असता ना, तर मनगटातलं छोटं हाड मोडलं असतं. मग प्लास्टर, कोपरापर्यंत. आणि ते हाड लवकर जुळत नाही, कधीकधी जुळतच नाही."

कोपरापर्यंत... पांढरं, ठक्क. मी खरंच घाबरलो होतो, पडताना घाबरलो नव्हतो इतका.

पुढच्या आठवड्यात कामठीला गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. गुलाबरावांनीच विचारलं, "हात ठीक हाय ना आता?" मी म्हणालो, "ठीक आहे." त्यांना खोटं ठरवायची हिंमत माझ्यात उरली नव्हती.

परवा पुतण्याने नवे रायडिंग ग्लोव्हज दाखवले. परदेशी. बरोबर त्याच जागी प्लास्टिकची गुळगुळीत टिकली, पडल्यावर हात घसरावा म्हणून. आमच्या काळात हे नागपुरात कोणाला ठाऊक होतं? ज्याला ते अनुभवाने कळलं होतं, त्यालाच.

मी निवृत्तीपर्यंत ड्रॉइंग काढली. आजही हात थरथरत नाही. ही गोष्ट मी हजार वेळा तपासली, प्रत्येक माणसावर संशय घेऊन झाला, कुठेच जुळत नाही. स्पष्टीकरण नाही माझ्याकडे.

त्या दिवशी डॉक्टरकडून परतल्यावर मी वनिताला गळ्यातल्या त्या पांढऱ्या हातासकट सगळं सांगितलं होतं. ती हसेल असं वाटलं होतं. ती माझा उजवा हात मांडीवर घेऊन बसली आणि हळूच म्हणाली,

"तुमचा तं वाचला. पण तो जो आला होता... त्याच्या घरी कसं चालत असन?"