पत्रकालाच विचार त्याचा पत्ता

आमच्या घरातल्या लोखंडी ट्रंकेत कपडे नव्हते, पत्रकं होती. अप्पांनी आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः पत्रकं लिहून कुंभकोणमच्या गल्ल्यांतून वाटली. तुंबलेल्या गटारांवर, वाचनालयाच्या वेळांवर, रस्त्यांना असलेल्या जातींच्या नावांवर. एक तर आमच्याच तंजावरी मराठी मंडळींसाठी होतं, जवळच्या गोविंदपुरम्‌ला भजनाला जाणाऱ्यांसाठी: ‘बायकांनी मागेच का बसायचं?’ मी अक्षरं शिकले ती याच कागदांवर. त्यामुळे वाक्य उद्गारचिन्हानं संपलं नाही तर ते अर्धवट राहिलं असं मला अजूनही वाटतं.

ट्रंकेत वाळवी शिरली होती. मला ते दिसत होतं आणि अप्पा ते दिसत नसल्यासारखं करत होते. मी दिवसभर लोकांच्या वेबसाइट बांधते. म्हटलं, ही सगळी पत्रकं साइटवर आणू. पडद्यावरच्या कागदावर अप्पांचा विश्वास नव्हता. त्यांनी एकच गठ्ठा काढून दिला.

“रविवारी वाचनालयात उघडून दाखव. यातलं प्रत्येक पत्रक मिळालं तर ट्रंक तुझी. एक जरी हरवलं, तर ट्रंकेला हात लावायचा नक्को गे.”

मी कामाला लागले. आमच्या धंद्यात प्रत्येक प्रकारच्या वस्तूचा एक साचा करतात, त्याला मॉडेल म्हणतात. माझं मॉडेल होतं ‘पत्रक’: मथळा, मजकूर, वर्ष, आणि ते ज्या रस्त्यावर पहिल्यांदा वाटलं त्याचं नाव. साच्यातून निघालेल्या प्रत्येक पत्रकाला स्वतःचं पान आणि पानाला पत्ता, म्हणजे यूआरएल. पत्त्यात आधी रस्त्याचं नाव घातलं, मग मथळा. अप्पा रस्त्यारस्त्यानं वाटत, तर साइटही तशीच असावी.

आणि हा पत्ता मी सगळीकडे हातानं लिहिला. पहिल्या पानावर, वर्षांच्या यादीत, शोधाच्या निकालात, प्रत्येक पत्रकाखालच्या ‘हेही वाचा’मध्ये. अप्पांचा नियमच होता, कागदाच्या तळाशी लिहिणाऱ्याचा पत्ता हवा. पत्ता नसलेला कागद भित्रा. ऑफिसात मी असं कधीच केलं नसतं. पण हे घरचं काम होतं, आणि प्रेमाचं काम हातानंच करायचं अशी माझी समजूत.

शनिवारी सकाळी अप्पांनी पडद्यात डोकं घातलं. मुद्रितं तपासणारा माणूस छापलेलं सगळं वाचतो.

“हे वर काय लिहिलंय?”

“पत्ता, अप्पा. या पत्रकाचा.”

त्यांनी पत्त्यातल्या रस्त्याच्या नावावर बोट ठेवलं. “रस्त्यावरनं जातीचं नाव काढा म्हणून मी हे लिहिलं. आणि तू तेच नाव याच्या कपाळावर लिहिलंस?”

माझे कान तापले. त्यांचं बरोबर होतं. कागद कुठे वाटला हा त्याचा इतिहास. ती त्याची ओळख नव्हे. कुठल्या पत्त्यावर कुठलं पान उघडायचं ते मार्गांच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. मी तडक तिथे गेले आणि पत्त्यातून रस्ता काढून टाकला. एका ओळीचं काम. त्या एका ओळीनं साइटवरची एकूणएक लिंक मेली. जिथे बोट ठेवावं तिथे ‘पान सापडलं नाही’. चार जागा दुरुस्त केल्या की पाचवी निघे. दुपार झाली. ट्रंक माझ्या हातून चालली होती.

तेवढ्यात ऑफिसातली अक्का कॉफीला आली. ती माझ्याहून वरच्या पदावर आहे आणि मला चिडवण्यात तर फारच वरच्या. तिनं उभ्याउभ्या माझा कोड वाचला आणि तमिळमध्ये हसू लागली.

“अय्यो! पत्ता किती ठिकाणी लिहिलायस मा?”

“सगळीकडे.”

“पाहुण्याला तू कुठला म्हणून विचारायचं असलं, तर त्यालाच विचारतेस की गल्लीभर पाट्या लावतेस?”

“त्यालाच.”

“मग पत्रकालाच विचार की त्याचा पत्ता! जगाला भाषणं देतेस, एवढं साधं करत नाहीस?”

मॉडेलमध्येच एक छोटी मेथड, म्हणजे पत्रकाला विचारता येईल असा एक प्रश्न, लिहायची: माझा पत्ता काय? तीही पत्ता पाठ करत नाही. मार्गांच्या फाइलमध्ये प्रत्येक मार्गाला नाव असतं. मेथड त्या नावाचा मार्ग मागते, त्यात साइटनं पत्रकाला आपोआप दिलेला क्रमांक आणि मथळा भरते आणि तयार पत्ता हातात देते. बाकी सगळ्या पानांनी फक्त पत्रकाला विचारायचं. मी हातानं लिहिलेले पत्ते एकेक करून पुसले. मग अक्कानं गंमत म्हणून फाइलमधल्या मार्गातला एक शब्द बदलला, आणि साइटभरचे पत्ते एका क्षणात बदलले! आम्ही तो तीनदा बदलला, तीनदा टाळ्या पिटल्या. कॉफी निवून गेली.

अप्पांनी नवा पत्ता वाचला. “क्रमांक? कैद्यासारखा?”

“पुढे मथळाही आहे, अप्पा.”

“मग चालेल.”

रविवारी वाचनालयात ते स्वतः कीबोर्डापुढे बसले. शोधून पाहिलं, यादीतून पाहिलं, ‘हेही वाचा’मधून उलटसुलट फिरले. गठ्ठ्यातलं प्रत्येक पत्रक उघडलं. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला, गठ्ठ्यात नसलेला. “आता हे भर.”

मी मथळा, मजकूर, वर्ष, रस्ता भरला आणि सेव्ह केलं. पहिल्या पानावर लगेच त्याची लिंक उभी.

“याचा पत्ता तू कधी लिहिलास?”

“लिहिला नाही. त्यानंच सांगितला.”

अप्पांनी लिंकवर बोट दाबलं. पत्रक उघडलं. आणि ते खुर्चीवरून उठून, चौकात उभं राहावं तसे उभे राहून, अख्खं पत्रक मोठ्यानं वाचू लागले. ‘शांतता राखा’च्या पाटीखाली! कुणीही त्यांना गप्प केलं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघांनी ट्रंक उचलून माझ्या खोलीकडे नेली. जिन्यात अर्ध्यावर ते थांबले.

“आत दोन पत्रकं चुकीची आहेत. तेव्हा माझीच समज चुकली होती.”

“ती वगळू?”

“छे गे! ती आधी साइटवर टाक.”